करड्या-पांढऱ्याची शीव

१

सतरा नंबरच्या फाईलमध्ये बाळाच्या मेंदूच्या चित्रांचे तीन कप्पे होते: जन्मानंतर दहाव्या दिवसाचा, सहाव्या महिन्याचा आणि वर्षाचा. वर्षाचा रिकामा असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते मूल वर्षाच्या तपासणीला आलंच नव्हतं. पण मुलाच्या आईने लेखी अर्ज करून सहाव्या महिन्याचं चित्र मागितलं, आणि कप्पा उघडला तर तोही मोकळा. मशीन बिघडून गेलेलं चित्र नव्हतं ते. कोणीतरी आत जाऊन, खात्री करून, पुसलं होतं.

संस्थेच्या समितीने चौकशीला शरीरशास्त्राच्या बाईंना बोलावलं. बाईंनी तीस वर्षं वैद्यकीच्या पोरांना मेंदू कापायला शिकवलं होतं. एका घावात दोन सारखे भाग करायच्या, म्हणून पोरं त्यांना पाठीमागे सुरीबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं, आणि आवडतही होतं. समितीचा अंदाज साधा होता. म्हातारी चार दिवस फिरेल, चहा पिईल आणि 'कॉम्प्युटरची चूक' असं लिहून देईल.

पहिल्या दिवशी बाई मोठ्या सरांच्या खोलीत बसल्या. चाळीस बाळांच्या मेंदूचा हा अभ्यास सरांचा. सात वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

"तुम्ही मेंदू हातात धरलेला माणूस, तुम्हाला मी काय सांगणार," सर म्हणाले. "वरची साल करडी, आतला गर पांढरा. मोठ्या माणसाच्या चित्रात दोन्ही वेगळे दिसतात, पोरसुद्धा सांगेल. पंचाईत बाळांची. जन्मतः आतल्या तारांवर चरबीचं वेष्टण चढलेलं नसतं, म्हणून आमच्या चित्रात पांढरा भाग काळपट येतो आणि करडा उजळ. उलटा प्रकार. वर्ष उलटलं की सुलट होतं. आणि मध्ये, सहाव्या महिन्याच्या सुमाराला, दोघं एकाच रंगाचे. धुक्यात शेताची शीव शोधावी तसं."

"मग तुम्ही कशी शोधता?"

"आधी माणूस हाताने रेघ मारतो. एका मेंदूला तीन तीन आठवडे. त्या रेघा बघून कॉम्प्युटर शिकतो." सरांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेत मढवलेलं एक मोठं चित्र होतं, राखाडी मेंदूचा एक काप, प्रत्येक घडी कोरल्यासारखी. "हे सहा महिन्यांचं. याहून स्वच्छ चित्र कोणाकडे असेल तर मी नोकरी सोडीन. सहा महिन्यांचं पोर स्वस्थ पडतं कुठे?"

बाईंनी चित्र पाहिलं. मग विचारलं, "ही फाईल कोण कोण उघडू शकतं?"

"तिघं. मी, मशीनचा ऑपरेटर आणि रेघा मारणारी बाई. पण तिला तुम्ही बाजूलाच ठेवा."

"का?"

"सतरा नंबर तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे."

२

दोघी बहिणींना बाईंनी थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखलं, कारण इमारतीतले लोकही तसंच म्हणत. रेघा मारणारी ती थोरली, मुलाची आई धाकटी. धाकटी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची. बाई पोचल्या तेव्हा थोरली खाटेवर बसून मुलाच्या पायांना तेल लावत होती. मुलगा दोन वर्षांचा होता. जन्मला तेव्हा अंगावर वळ्याच वळ्या, म्हणून थोरलीने त्याचं नाव गुंड्या ठेवलं होतं. आता त्याची मान धरत नव्हती आणि हाताच्या मुठी आत वळलेल्या होत्या.

"मला भांडायचं नाहीये," धाकटी म्हणाली. "नवीन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिन्यांचं चित्र असलं तर बघू, व्यायाम कुठला द्यायचा ते ठरवता येईल. म्हणून अर्ज केला. ताईला कशाला त्रास द्यायचा, सरळ ऑफिसात दिला."

"याआधी कधी ताईकडून चित्र घेतलं होतं?"

"हो. हा चौदा महिन्यांचा झाला तरी बसेना, तेव्हा शेजारच्या दवाखान्यात चित्र काढलं. मेंदूत दोन्हीकडे डाग निघाले. ते डॉक्टर म्हणाले, जन्माच्या वेळचं चित्र असेल तर आणा, डाग कधीचे ते कळेल. ताई म्हणाली, जुनं शोधायला थोडे दिवस लागतील. अडीच आठवड्यांनी तिने आणून दिलं. त्यातही डाग होतेच." धाकटी गुंड्याकडे न बघता बोलत होती. "म्हणजे पोटातच झालेलं. सातव्या महिन्यात मी जिन्यावरून घसरले होते. तीन पायऱ्या. तेव्हा वाटलं, काही झालं नाही."

"कोणी काही बोललं?"

"सासूबाई बोलल्या, चारचौघांत. नवरा काहीच बोलला नाही. महिन्याभराने बॅग भरून गेला. जाताना एवढंच म्हणाला, रेलिंग धरायला काय झालं होतं."

थोरली तेलाची वाटी बाजूला ठेवत म्हणाली, "असू दे ग. पुन्हा पुन्हा तेच कशाला उगाळतेस."

धाकटीने कपाटातून जन्माचं चित्र काढून दिलं. कोपऱ्यात तारीख होती, गुंड्याच्या जन्मानंतरचा दहावा दिवस. बाईंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. करडा भाग उजळ, पांढरा काळपट, नवजात मुलाचा असावा तसाच. मेंदूच्या मागच्या बाजूला दोन डाग. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि चित्राचा अगदी मधला भाग नाकाजवळ आणून पाहिला.

"हे मी दोन दिवस ठेवून घेते," त्या म्हणाल्या.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर त्या पायरीवर बसल्या. त्यांच्या हातातलं चित्र दहा दिवसांच्या मुलाचं नव्हतं.

३

नवजात बाळाचा सगळाच पांढरा भाग काळपट नसतो. मेंदूच्या अगदी आत, दोन्ही अंगांना, हातापायांकडे जाणाऱ्या तारांचा एक बारीक पट्टा असतो. त्याच्यावर जन्माच्या आधीच वेष्टण चढायला लागतं, आणि पुऱ्या दिवसांच्या बाळात तो सगळ्या काळपटात उजळ रेघेसारखा दिसतो. बाईंनी अशी कित्येक बाळं कापून पाहिली होती. जी बाळं त्यांच्या टेबलावर यायची त्यांची त्या फार चर्चा करत नसत.

सतरा नंबरच्या चित्रात ती रेघ नव्हती. तिथेही काळपटच होतं.

बाईंनी दवाखान्यातून चौदा महिन्यांचं चित्र मागवलं. दोन्ही चित्रं सारख्या आकाराची छापून घेतली आणि एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरली. डाग जुळले, त्यात नवल नव्हतं. पण घड्याही जुळल्या. एकेक वळण, एकेक फट. जन्मापासून चौदा महिन्यांत मेंदू दुपटीहून मोठा होतो, नव्या घड्या पडतात, जुन्या खोल जातात. दोन्हींत केसाचाही फरक नाही, हे होऊच शकत नाही.

म्हणजे कोणीतरी चौदा महिन्यांचा मेंदू घेतला होता, मापाचा आकडा बदलून तो दहा दिवसांच्या डोक्याएवढा केला होता, पांढऱ्याला काळपट आणि करड्याला उजळ केलं होतं, आणि जन्माच्या खऱ्या चित्राच्या जागी ठेवून दिला होता. धाकटीच्या जिन्यावरच्या तीन पायऱ्या त्या दिवसापासून खऱ्या झाल्या.

एवढा खटाटोप कोणी उगाच करत नाही. डाग जन्माचे नव्हते, म्हणून ते जन्माचे करावे लागले. आणि सहाव्या महिन्याचं चित्र पुसावं लागलं.

बाईंनी ऑपरेटरला खालच्या मशीनच्या खोलीत गाठलं. पन्नाशीचा, ढेरपोट्या, हसतमुख माणूस. बाईंनी त्याला बसायलाही सांगितलं नाही.

"सतरा नंबर सहा महिन्यांचा असताना इथे आला होता. त्या दिवशी काय झालं?"

"नोंदीत आहे की बाई. मूल मध्येच जागं झालं, तपासणी अर्धवट राहिली."

"नोंद मी वाचली. जन्माचं चित्र खोटं आहे हेही मी शोधलंय. आता तुम्ही सांगा, नाहीतर ते खोटं चित्र तुम्ही बनवलंत असं मी लिहिते."

ऑपरेटरचं हसू गेलं. त्याने मशीनच्या बोगद्याकडे पाहिलं.

"मला वाटलं," तो म्हणाला, "मेलं ते, माझ्यामुळे."

४

त्या दिवशी गुंड्याला झोप येईना. अभ्यासातली बहुतेक बाळं दूध पिऊन झोपायची आणि झोपेतच चित्र व्हायचं. गुंड्या कोऱ्या डोळ्यांनी बघत राहायचा. तसं होणार हे ओळखून आधीच ठरलं होतं, त्याला गुंगीचं औषध द्यायचं, आणि त्यासाठी पहाटेपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही, नाहीतर गुंगीत उलटी होऊन श्वासनळीत अडकते.

"औषध दिलं, झोपला, आत घेतला," ऑपरेटर म्हणाला. "सुरुवातीला चित्र हलत होतं. हे पोर झोपेतही वळवळायचं. मग एकदम स्थिर झालं. कधी नव्हे इतकं स्वच्छ चित्र यायला लागलं, बाई. मी खूश झालो. घरी फोन चालू होता माझा, मुलीच्या परीक्षेचं काहीतरी. म्हटलं, चला, आज सर खूश होतील."

"किती वेळ?"

"सहा मिनिटं. सात असतील."

बाईंनी आकडा लिहून घेतला.

"थोरली काचेपाशी उभी होती. तिलाच शंका आली. ती धावत आत गेली, त्याला ओढून काढलं. निळा पडला होता. तिने पालथं धरून पाठीत थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून साफ केलं, तोंडाने श्वास दिला. तिच्यामुळे वाचला तो. मी नुसता उभा होतो."

"आणि आई?"

"ऑफिसात. तिला नंतर सांगितलं, थोडी उलटी झाली. संध्याकाळी घरी सोडला. थोरली मला म्हणाली, तुम्ही फोनवर होतात हे मी कोणाला सांगणार नाही. बाई, त्या माऊलीने आजपर्यंत शब्द पाळलाय. स्वतःच्या बहिणीलासुद्धा सांगितलं नाही."

"तोंडातून काय निघालं?"

"म्हणजे?"

"तिने बोट घालून साफ केलं म्हणालात. काय होतं?"

ऑपरेटरने आठवलं. "दूध. फाटलेलं दूध. बरंच होतं. चादर बदलावी लागली."

"मूल पहाटे पाचपासून उपाशी होतं," बाई म्हणाल्या. "दूध आलं कुठून?"

दीड वर्षात हा प्रश्न ऑपरेटरला एकदाही पडला नव्हता.

५

बाई सरांच्या खोलीत न विचारता शिरल्या आणि सरळ भिंतीपाशी गेल्या. पिशवीतून चौदा महिन्यांचं चित्र काढून त्यांनी काचेला लावलं. घड्या बरोबर तशाच नव्हत्या, आठ महिन्यांचा फरक होता, पण मोठी वळणं तीच. डावीकडे एक घडी मध्येच दुभंगलेली. तशी लाखात एकाची असते.

"हा सतरा नंबर आहे."

सर उठले नाहीत. "आहे. मग?"

"फाईलमधून पुसलेलं चित्र तुमच्या भिंतीवर आहे, आणि तुम्ही समितीला सांगितलं नाहीत."

"समितीने फाईलबद्दल विचारलं. भिंतीबद्दल नाही. मी ते त्याच आठवड्यात मोठं करून घेतलं होतं. फाईल कोणी पुसली मला खरंच माहीत नाही."

"ते इतकं स्वच्छ का आलं हे तुम्हाला माहीत होतं?"

सरांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. "ऑपरेटर वर आला होता. म्हणाला, मूल थोडं निळं पडलं होतं, आता ठीक आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी विचारलं, चित्र कसं आलंय." सर पुढे म्हणाले, "बाई, मूल ठीक आहे असंच मला सांगितलं होतं. लेखी कोणीच काही कळवलं नाही."

बाईंनी चित्रावरच्या मागच्या भागावर बोट ठेवलं. तिथे डाग नव्हते. श्वास बंद पडलेल्या मेंदूवर डाग उमटायला दिवस जावे लागतात. काचेत मढवलेलं होतं ते गुंड्याच्या धडधाकट मेंदूचं शेवटचं चित्र. पुढे त्या मेंदूचं जे झालं ते त्याच सात मिनिटांत झालं होतं.

"हे काढून ठेवा. पुरावा आहे," बाई म्हणाल्या. "आणि तिघांनीही उद्या माझ्यासमोर एक रेघ मारायची आहे. तुम्ही, ऑपरेटर आणि थोरली. दहा दिवसांच्या एका बाळाचं चित्र देईन. करड्याची आणि पांढऱ्याची शीव काढून दाखवायची."

"हा काय पोरखेळ आहे?"

"तुम्ही काढलीत तर तुमचंच नाव सुटेल," बाई म्हणाल्या, आणि मग जाता जाता, "किंवा अडकेल."

६

तिघांनी रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई थोरलीच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या. थोरली पडद्यावर कुठल्याशा बाळाच्या घड्या आखत होती. बाजूला लोक येत-जात होते. कोणी तिच्या पडद्याकडे बघत नव्हतं. ती सतत काहीतरी आखतच असायची.

"काम थांबवा," बाई म्हणाल्या.

थोरलीने पेन खाली ठेवलं.

"ऑपरेटरला कुठला भाग करडा आणि कुठला पांढरा हेच सांगता आलं नाही. वीस वर्षं चित्रं काढतोय, पण काय निघतं ते त्याने कधी विचारलं नाही. बाळाच्या चित्रात रंग उलटे असतात हे त्याला कालच कळलं. त्याच्या हातून ते खोटं चित्र होणं शक्य नाही. सरांना सगळं माहीत आहे. त्यांनी आतला तो उजळ पट्टा वेगळा काढून दाखवला, वर मला दोन वाक्यं ऐकवली. त्यांनी खोटं चित्र केलं असतं तर पट्टा विसरले नसते. राहिलात तुम्ही. तुम्हाला रंग उलटे असतात हे माहीत आहे. पट्टा माहीत नाही. काल तुम्ही तो काळपटातच ओढलात."

"मला दहा दिवसांची बाळं देतच नाहीत," थोरली हळू म्हणाली. "ती कॉम्प्युटरला आपोआप जमतात. मी सहा महिन्यांचीच करते."

"हो. खोटं चित्र करणाऱ्याला जेवढं माहीत हवं तेवढंच तुम्हाला माहीत आहे. आणि रेघ. पांढऱ्याला काळं करायचं तर आधी त्याच्याभोवती रेघ मारावी लागते. चौदा महिन्यांचं ते चित्र अभ्यासातलं नव्हतंच, त्यावर रेघा मारायला कोणी सांगितलं नव्हतं. पण मारल्यात. चिंचोळ्या घडीच्या तळाशी तुमची रेघ टोकदार होते. खरी घडी तिथे गोल असते. कालच्या कागदावर तुमची अकरा टोकं आहेत. खोट्या चित्रातही प्रत्येक चिंचोळ्या घडीला टोक आहे."

थोरलीने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"सोळा दिवस लागले," ती म्हणाली. "इथेच बसून केलं. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. मागे उभं राहून सरसुद्धा एकदा बघून गेले. म्हणाले, छान."

"दूध तुम्ही पाजलंत."

"रडत होता. चार तास उपाशी पोर. ऑफिसात तिचे फॉर्म संपेनात. माझ्याकडे देऊन गेली होती, बाटली पिशवीत होती. म्हटलं, दोन घोट. दोन घोटांनी काय होतंय."

"किती प्यायला?"

"अर्धी बाटली. मग गप्प झाला. माझ्या गालाला तोंड घासलं त्याने."

"वाचवलंत त्याच क्षणी सांगायचं होतं."

"कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कोणी विचारलंच नाही. ऑपरेटर रडत होता, त्याला वाटत होतं त्याच्यामुळे झालं. मी म्हटलं, वाटू दे. संध्याकाळी गुंड्या हसला. वाटलं, सुटलो सगळे." तिचा आवाज कोरडा होता. "आठव्या महिन्यात बसला नाही. नवव्यात नाही. वर्षाच्या तपासणीला आणू नकोस, दमतो तो, असं मीच तिला म्हटलं. मग डाग निघाले, आणि डॉक्टरने जन्माचं चित्र मागितलं. जन्माचं चित्र स्वच्छ होतं. सहा महिन्यांचंही स्वच्छ. मग विचारलं असतं ना, मध्ये काय झालं."

"जिन्याची आठवण तिला पहिल्यांदा कोणी करून दिली?"

शेजारच्या टेबलावर कोणीतरी कशावरून तरी हसलं.

"मीच. ती म्हणत होती, असं कसं झालं ताई, माझं काय चुकलं. मी म्हटलं, तू पडली होतीस ना ग."

"नवरा गेला तेव्हा तरी बोलायचं."

"तेव्हा तर नाहीच. तेव्हा तिला मी एकटीच उरले होते."

बाईंनी तीस वर्षं सुरी चालवली होती, पण ती मेलेल्यांवर. त्या उठल्या. "मी अहवाल सोमवारी देणार. त्याआधी तुम्ही तिला सांगा. तुमच्या तोंडून. नाही सांगितलंत तर मी जाऊन सांगेन, आणि मी काहीही गाळणार नाही."

७

समितीने अहवाल वाचला आणि सुरीबाईंना बोलावल्याचा पश्चात्ताप केला. थोरलीला त्याच दिवशी काढलं. ऑपरेटरने राजीनामा दिला. मोठ्या सरांना लेखी समज मिळाली, आणि अभ्यास 'एकोणचाळीस बाळांचा' म्हणून छापून आला. भिंतीवर दुसरं चित्र लागलं. ते थोडं हललेलं होतं.

पोलिसांकडे जायचं तर तक्रार आईची हवी होती. दहा दिवसांनी बाई कागद घेऊन सकाळी तिसरा मजला चढल्या. धाकटी कामावर जायच्या तयारीत होती, केसांना पिना लावत होती. आतल्या खोलीत थोरली गुंड्याला मांडीवर घेऊन चमच्याने भरवत होती.

बाई दारातच थांबल्या. "ही इथे?"

"रोज येते. आठला. मी म्हटलंय यायला." धाकटीने आवाज खाली केला नाही. "जेवताना सांगितलं तिने. मी ताट संपवलं, धुतलं, मग तिला म्हटलं, उद्या वेळेवर ये. मला कामावर जायचं असतं. हा आता जड झालाय, परक्या बाईला उचलवत नाही."

"नवऱ्याला कळवलंत?"

"फोन केला. म्हणाला, बरं. त्याचं दुसरीकडे जमलंय."

बाईंनी कागद पुढे केला. "यावर सही केलीत तर तिला शिक्षा होईल."

"किती?"

"दोन-तीन वर्षं. वकील चांगला मिळाला तर कमी."

धाकटीने शेवटची पिन लावली. "आणि मग सुटून येईल, फिटलं म्हणेल. तुरुंगात काय, बसून खायचं. नको. हा असेपर्यंत ती येणार. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. सगळं करणार, तोंड पुसण्यापासून. फक्त बोलायचं नाही. माझ्याशी नाही आणि याच्याशीही नाही. एक शब्द निघाला तर त्या दिवसापासून दार बंद. कबूल केलंय तिने."

आतून काहीच आवाज आला नाही. बाईंनी पाहिलं. गुंड्याला नीट दिसत नव्हतं, डॉक्टरांच्या कागदात ते लिहिलं होतं. तो माणसं आवाजावरून ओळखायचा. चमचा ओठांना लागला की तो तोंड उघडत होता, आणि गिळून झालं की मान कशीबशी वळवून थोरलीच्या चेहऱ्याच्या दिशेने कान करत होता. जरा थांबायचा. मग घशातून बारीक आवाज काढायचा, विचारल्यासारखा. थोरलीचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिने पुढचा चमचा भरला.

"त्याची काय चूक?" बाई म्हणाल्या. "तो तिला शोधतोय."

"दिसतंय मला."

"तुम्ही त्यालाही शिक्षा करताय."

धाकटीने पर्स खांद्याला लावली. ती आत गेली, गुंड्याच्या कपाळावर ओठ टेकले, त्याच्याशी दोन शब्द बोलली. मुलाने आईच्या आवाजाकडे जेमतेम मान फिरवली आणि लगेच पुन्हा थोरलीकडे कान केला.

धाकटी ते बघत उभी राहिली. मग बाहेर येऊन तिने चपला घातल्या.

"होईल सवय त्याला," ती म्हणाली. "चला, मला उशीर होतोय."

बाई सही नसलेला कागद हातात धरून तिच्या मागोमाग जिना उतरू लागल्या. धाकटी रेलिंग धरून, एकेक पायरी बघून उतरत होती. वर गुंड्याने पुन्हा तो आवाज काढला, आता जरा मोठ्याने. दोघी थांबल्या नाहीत.